बाबांची निवड

आईचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं आणि बाबा दुसरं लग्न करायला निघाले होते. पुरुष साठीतही तरुण चेहराच शोधतो, वंश वाढवायची ती हजारो पिढ्यांची ओढ असते, असं मी वाचलं होतं. भांडायचं ठरवूनच मी राहनाळला बाबांच्या घरी आले. ओटीवर राहीबाई बसली होती. बाबांहून मोठी, केस पिकलेले, पुढचे दात पडलेले.

"बाबा, काय बघितलंस हिच्यात?"

"मीपन त्याला तेच इचारते, बाय," राहीबाई हसली.

बाबा हसले नाहीत. "तुझी आई…" ते म्हणाले, आणि मी नेहमीसारखी उठले.

"बग. तिचा नाव निघाला का तू उठतेस. तुझा भाऊसपन उठतो. ही बसून र्‍हाते."

मी उभीच होते. राहीबाईने सरकून माझ्यासाठी जागा केली.