क्लाइवची हरकत

तेरा हात वर गेले आणि तेराही हातांत हिरवे पत्ते होते. चौदाव्या हातात लाल.

व्हरांड्यातल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. मागच्या निलगिरीवर एक कूकाबरा पक्षी माणसासारखा खदाखदा हसला, तोही नेमका नको त्या वेळी. लाल पत्ता क्लाइवचा होता. क्लाइव म्हणजे शहात्तर वर्षांचा मधमाश्या पाळणारा म्हातारा, वॉटल टेकडीवरच्या या वसाहतीत अठरा वर्षं राहिलेला. त्याच्या एका हातात तो पत्ता होता आणि दुसऱ्या हातात ग्लेनिसनं सकाळीच भाजलेला, लोणी थापलेला स्कोन पाव. तिसरा.

हे पत्ते ग्लेनिससाठीच होते. वसाहतीची रीत तिला आता पाठ झाली होती. नवं माणूस आधी तीन महिने राहून बघतं. मग एका रविवारी सगळे गोल बसतात, मिळून एक गाणं म्हणतात आणि पत्ते वर करतात. बहुमत वगैरे काही नाही, एक लाल पत्ता पुरतो. तो मागे घेतला नाही, तर सोमवारी पिशवी उचलायची आणि पुन्हा ब्रिस्बेनचा फ्लॅट गाठायचा. नवरा गेल्यापासून तिथे तिला ‘गुड मॉर्निंग’ म्हणणारा एकच जण उरला होता, आणि तोही रेडिओतला.

तिला इथून जायचं नव्हतं. जेवणाची घंटा झाली की टेकडीच्या चारी अंगांनी माणसं खाली येताना दिसायची. कुणी भांडत, कुणी हसत, कुणी दुसऱ्याच्या कुत्र्याला शिव्या घालत. ते बघताना एकाहत्तराव्या वर्षी तिला चर्चमध्ये भजन ऐकताना यावं तसं भरून यायचं.

“क्लाइव, अरे हे काय?” सभा चालवणारी टॅम्झिन म्हणाली. ती जेमतेम तिशीची. पण इथे लहानथोर सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात. “अशी बाई शोधून सापडायची नाही. माझी जुळी पोरं तिनं सांभाळली. कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त केलं. तुझी स्वयंपाकाची पाळीसुद्धा दोनदा हिनंच केली!”

“तीनदा,” क्लाइव म्हणाला. “आणि तुम्हाला जगायचं असेल, तर यापुढेही तिनंच करावी. माझं सूप मला स्वतःला गिळवत नाही.”

सगळे हसले. ग्लेनिसला हसू आलं नाही.

“मग नडतंय कुठे?” टॅम्झिननं विचारलं.

क्लाइवनं स्कोन बशीत ठेवला आणि तो सरळ ग्लेनिसकडे वळला. “गेल्या महिन्यात तुझ्या टाकीतलं पाणी संपलं. सहा दिवस तू ओढ्यावरून बादल्या वाहिल्यास. माझं घर तुझ्या दारापासून चाळीस पावलांवर. माझा पंप नुसता पडून होता. मला का नाही सांगितलंस?”

“उगाच कुणाला त्रास कशाला,” ती पुटपुटली.

“हीच माझी हरकत!” क्लाइवनं मांडीवर थाप मारली. “त्रासच द्यायचा नाही, तर शहरात काय वाईट होतं, बाई? आम्ही इथे एकमेकांना त्रास द्यायलाच तर राहतो. तीन महिन्यांत तू कुणाकडे चिमूटभर मीठ मागितलं नाहीस. उद्या तू दार लावून आजारी पडशील आणि आम्हाला पत्ता लागेल चौथ्या दिवशी. तसलं माणूस मला शेजारी नको.”

ग्लेनिस आपल्या बुटांकडे बघत राहिली. अडतीस वर्षं तिनं इस्पितळात नर्सचं काम केलं होतं. शेकडो माणसांना उठवलं, बसवलं, पुसलं, भरवलं. देणं तिला श्वासासारखं सोपं होतं. देताना मान ताठ राहते. मागायचं म्हटलं की ती वाकवावी लागते, आणि तिच्या मानेला ती सवयच नव्हती.

मीठ मागून वेळ मारून नेता आली असती. पण चौदा माणसं जीव एकवटून तिच्या तोंडाकडे बघत होती. अशा माणसांसमोर खोटं मागणं म्हणजे देवासमोर खोटी प्रार्थना करणं. ते तिच्याच्यानं होईना.

“माझी...” ती म्हणाली आणि अडली. कानशिलं तापली. “माझी पायाची नखं. मला आता वाकवत नाही. हात पोचत नाही. बुटात टोचतात. कुणी... कुणी कापून देईल का?”

टॅम्झिन उठली आणि कोमट पाण्याचा टब आणायला आत पळाली. कोपऱ्यातून मेंढपाळ डेस ओरडला, “मेंढ्यांची खुरं कापायची कात्री आणू का गं?”

“आण बाबा,” ग्लेनिस म्हणाली. “तीच लागेल!”

आणि तिला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना.

क्लाइवनं लाल पत्ता दुमडून खिशात कोंबला आणि शेजारच्याचा हिरवा ओढून वर धरला. टाळ्या पडल्या. कुणीतरी गाणंही सुरू केलं, भलत्याच सुरात. टॅम्झिन टब घेऊन आली, ग्लेनिसनं बूट काढले. क्लाइव मात्र अजून तिथेच घुटमळत उभा होता. घसा खाकरत, दाढी खाजवत, कानाच्या पाळ्या लालभडक.

“टॅम्झिन,” तो शेवटी हळूच म्हणाला, “ते पाणी टाकून देऊ नकोस. माझीही कापायची आहेत. दोन वर्षं झाली गं, विचारायला जीभच रेटत नव्हती.”