सी-सॉचं रिकामं टोक

लेकीच्या, रेणुकाच्या दरवर्षीच्या श्राद्धाला, बदनापूरच्या घरात पत्र्यावर ठेवलेल्या घासाला यंदाही कावळा शिवला नाही. मग शिवशंकर आणि वर्षाराणीनं खिरीचा डबा उचलला आणि जालन्याची बाग गाठली. लेक होती तेव्हा दर रविवारी ते तिला इथंच आणायचे.

वर्षाराणी थेट सी-सॉकडं गेली. लेकीसमोर बसायची त्याच टोकावर बसली. समोरचं टोक रिकामं होतं.

"गेल्या साली मी अशीच बसले, तर फळी सपाट झाल्ती, समोर कुणी बसल्यावानी. तुम्हाला खरं वाटलं न्हाई."

"गंजून अडकली असंल," शिवशंकर म्हणाला. "उतर, चल."

तेवढ्यात फळी कुरकुरली. रिकामं टोक हळूहळू खाली टेकलं आणि वर्षाराणी वर गेली. तिच्या चपला गवतात पडल्या.

शिवशंकरनं धावत जाऊन ते टोक उचलायला जोर लावला. फळी तसूभर हलली नाही. तिथली लोखंडी दांडी तेवढी उबदार होती, एवढा वेळ कुणी मुठीत धरल्यासारखी.

"सहा वर्षांची गेल्ती," वर्षाराणी वरून म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. "मोठी झाली हो आपली रेणू."

शिवशंकरनं डब्याचं झाकण काढलं, खीर गवतावर ठेवली आणि बाजूच्या कडुलिंबाकडं बघून हाक दिली, "काव, काव."

लगेच एक कावळा खाली उतरला.

"हाकला त्याला!" वर्षाराणी दांडीला बिलगून ओरडली. "जेवली की उतरून जाईल ती!"