कोटावरचा दिवा

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी डॉक्टर मृण्मयी सबनीसच्या कोटावरचा दिवा पुन्हा तांबडा झाला. डॉक्टरच्या मनातली शंका रुग्णाला दिसलीच पाहिजे, असा कायदा होता. तांबडा दिसला की रुग्णाला नकार देता येई. दोघांनी तिला आधीच नाकारलं होतं. आज आणखी एक नकार आला की भूलतज्ज्ञाची नोकरी संपली.

"गोळी घेऊन टाक ना," सर्जन करमरकर कुजबुजले. त्यांचा दिवा हिरवागार होता. "शंका विरघळूनच जाते. आम्ही सगळेच घेतो."

आपल्याला मुळात काही येतच नाही, आजवर नशिबानं निभावलं, असंच मृण्मयी मानत आली होती. तिनं करमरकरांनी पुढे केलेली गोळी तळहातावर घेतली. तेवढ्यात ऑक्सिजनची नळी नीट बसवली ना, ही धास्ती उठली. गोळी खिशात टाकून ती आत धावली आणि नळी पुन्हा तपासू लागली.

टेबलावरच्या हौसाबाई तिच्या दिव्याकडे टक लावून बघत होत्या.

"घाबरलीस व्हय गं पोरी?"

"हो, आजी." खोटं बोलायला जीभच रेटेना.

"माझं मालक विहिरीत सुरुंग लावायचं. भ्या वाटायचं तवर दहाबी बोटं शाबूत हुती. भ्या गेलं, अन् त्याच साली तीन बोटं गेली." म्हातारीनं संमतीचा अंगठा पुढे केला. "तू दे भूल. पर त्या हिरव्या दिव्यावाल्याला आधी जरा घाबरव."

मृण्मयीचा दिवा तांबडाच राहिला. तिनं नळी आणखी एकदा तपासली आणि मास्क उचलला.