दोनशे संदर्भ

"कर्करोगावरच्या तुमच्या त्या शोधनिबंधाचा दोनशे जणांनी संदर्भ दिलाय! अख्ख्या संस्थेत कुणाला एवढे नाहीत," बढतीचा कागद पुढ्यात ओढत विभागप्रमुख म्हणाले.

संशोधिका गप्प बसली असती तर बढती खिशात होती. पण तिचं मन तिला खाऊ लागलं.

"सर, खरं सांगू? ते दोनशेही जण माझी चूकच दाखवतात. माणसाच्या गाठीतल्या म्हणून मी ज्या पेशी तपासल्या, त्या उंदराच्या निघाल्या."

विभागप्रमुखांनी दार नीट लागलंय ना, ते पाहिलं आणि कागदावर सही ठोकली.

"नशीबवान आहात, बाई. माझे निबंध बरोबर आहेत की चूक, हे बघायला आजवर कुणी ते उघडलेलेसुद्धा नाहीत."