आजची लेक

शवपेटी बंद करायची वेळ झाली, तसं मदरने स्वयंपाकघरातल्या सिस्टरला बाजूला घेतलं. "आज लेक म्हणून मी चालते. तू राहू दे."

त्या घरात फक्त निराधारांना जागा होती. त्यातलं कुणी गेलं, की एक सिस्टर त्या दिवसापुरती त्याची लेक व्हायची. पेटीमागे पहिली चालायची, पहिली मूठ माती द्यायची आणि मग दारात उभी राहून सगळ्यांचं सांत्वन घ्यायची. सिस्टरांनी हे आळीपाळीने करायचं, ही पद्धत मदरनेच घातलेली. सिस्टरांचा तो धर्मसंघही तिनेच उभा केलेला. पुढे तिला संतपद मिळालं, घरोघरी तसबिरी लागल्या. त्या सकाळी मात्र तिला एवढंच हवं होतं.

सिस्टर गोंधळली. "नंबर बदलायचा नाही, असं तुम्हीच सांगितलंय, मदर. बदलला की आवडतं-नावडतं सुरू होतं."

"सांगितलंय खरं."

"आणि आजीचं नि माझं जमायचं हो. सूप अळणी झालं की म्हणायची, बरं झालं तुला सासू नाही, पहिल्याच दिवशी हाकललं असतं." सिस्टरने नाक पुसलं. "परवा म्हणाली, आता तूच माझी लेक. मी कशी सोडू?"

पेटीतली म्हातारी मदरची सख्खी आई होती. लेकीजवळ राहता यावं म्हणून 'मला कुणी नाही' असं दारात बेधडक सांगून ती आत आली होती. मदरने तिला बघताक्षणी ओळखलं आणि ओळख दाखवली नाही. पुतण्या सापडला म्हणून एका म्हाताऱ्याला तिने त्याच आठवड्यात परत पाठवलं होतं. आता आपल्या आईला कोणत्या तोंडाने ठेवून घेणार? पण परत पाठवणंही जिवावर आलं. मग इतर खाटांपाशी थांबायची तेवढीच ती या खाटेपाशी थांबली. आईही चारचौघांसारखी तिला 'मदर' म्हणायची, वर डोळे मिचकावायची. एकदा तरी तिच्या उशाशी बसायला हवं होतं, हे आता मदरला आतून खात होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड दाबणारी तीच.

एक शब्द बोलली असती, तर लेक तीच होती. तिने तोंड उघडलंही. समोरच्या बाकांवर घरातली बाकीची माणसं बसली होती, खरोखरच कुणी नसलेली.

"चल, तूच हो पुढे," ती म्हणाली.

माती देऊन झाली. सिस्टर दारात उभी राहिली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. एकेक जण तिचा हात हातात घेऊन दोन शब्द बोलत होता. मदर रांगेतून पुढे आली आणि तिने सिस्टरचे दोन्ही हात धरले.

"तुझी आई फार चांगली होती."

सिस्टरने मान हलवली. हात काही सुटेनात.

"मदर," ती हळूच म्हणाली, "मागे माणसं खोळंबलीत."