चालू करायला दोघं लागतात

बायकोच्या पहिल्या पुण्यस्मरणाच्या जाहिरातीसाठी तिचा फोटो चारच्या आत पेपरला पाठवायचा होता. फोटो कम्प्युटरमध्ये होता. कम्प्युटर काही केल्या चालू होईना. दिगंबररावांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. “काका, मी निलंग्याला हाय. नेहमीसारखं करा की. तुम्ही यूपीएसचं बटन दाबून धरा अन् काकूला कम्प्युटरचं दाबायला लावा.” पूर्वी तसंच चालायचं. खिडकीखालच्या यूपीएसपाशी बसून दिगंबरराव हाक मारायचे. ती पोळ्या सोडून यायची आणि हाताला कणीक असल्यामुळे लाटण्याच्या टोकानं बटन दाबायची. आता एकट्याचे हात दोन्हीकडे पुरेनात. ते स्वयंपाकघरात गेले. डबा लावल्यापासून लाटणं फळीवरच पडून होतं. एका हातानं यूपीएस दाबून त्यांनी लाटण्याच्या टोकानं कम्प्युटरचं बटन दाबलं. स्क्रीन उजळली. फोन चालूच होता. “झालं का? काकूनं दाबलं?” “हाव,” लाटणं खाली न ठेवता ते म्हणाले, “हिनंच दाबलं.”