रोजची एक भेट

“बंद म्हणजे काय? असं कसं बंद करतात?” अतुल मोबाइलकडे बघत ओरडला.

रूपा स्वयंपाकघरात पिंपाच्या तळाशी उरलेलं पाणी हंड्यात काढत होती. आतूनच तिनं विचारलं, “कुणी बंद केलं? टँकरवाल्यानं?”

“टँकर नाही गं. सरोजिनीबाईंनी.”

सरोजिनीबाई कोण, हे रूपाला सांगावं लागत नव्हतं. सिडकोत राहणाऱ्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या बाई. त्या इंटरनेटवर स्वतःचा ब्लॉग लिहायच्या. धूळ बसू नये म्हणून वायफायचं यंत्र स्टीलच्या डब्यात ठेवलं आणि घरातलं नेट कसं गेलं, ते त्यांनी लिहिलं होतं. बँकेच्या फोनवर रेकॉर्ड केलेल्या बाईला त्या ‘अहो, जरा ऐका तरी’ म्हणत राहिल्या, तेही लिहिलं होतं. नळाला पाणी आलं की मोबाइल वाजावा म्हणून त्यांनी महिनाभर तारा जोडल्या होत्या. शेवटी पाणी आल्याचं कळलं ते शेजारणीनं बादली आपटल्यावर. अतुल हे सगळं सकाळी चहा पिताना रूपाला मोठ्यानं वाचून दाखवायचा.

तो शेंद्र्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. एकेकाळी असे पाच-सहा ब्लॉग तो नेमानं वाचत होता. कुणी पुढं व्हिडिओ काढायला लागलं, कुणी कंपन्यांच्या जाहिराती लिहायला लागलं, कुणी नुसतंच गप्प झालं. उरल्या होत्या सरोजिनीबाई. आणि आज त्यांच्या पानावर चार ओळी होत्या: हे पान बंद करते आहे. रविवारी ट्रक येईल. मी मुलाकडे हैदराबादला जाते आहे. कूलर, लोखंडी कपाट आणि कढीपत्त्याची कुंडी कुणाला हवी असेल तर घेऊन जा. खाली पत्ता होता.

“सहा वर्षं वाचतोय मी. कारण सांगायला नको? वाचणारे काय मूर्ख आहेत?”

“मग माझ्यावर कशाला ओरडताय?” रूपा हंडा उचलत म्हणाली. “रविवार आजच आहे. पत्ता दिलाय नं त्यांनी? तिथं जाऊन भांडा.”

तो खरंच निघाला.

पडेगावातून सिडकोत जायचं म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. रस्ते खणून ठेवलेले. ज्या माळावर परवापर्यंत बाभळी होत्या तिथं सहा-सहा मजले उभे राहिले होते, आणि प्रत्येक फाटकाशी निळ्या पिंपांची रांग. मिल कॉर्नरला गाडी अडकली. डोक्यावर ऊन, समोर बसचा धूर. अतुल मनातल्या मनात भांडण जुळवत राहिला.

घरासमोर ट्रक उभा होता. अर्धा भरलेला. चाळिशीचा एक माणूस दोऱ्या आवळत होता. तो बाईंचा मुलगा, मंदार.

“कूलर ना? जिन्याखाली आहे. न्या.”

“कूलर नको. मला बाईंना भेटायचंय. मी त्यांचा ब्लॉग वाचतो.”

मंदारच्या हातातली दोरी सैल पडली. त्यानं अतुलला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग दाराकडे वळून हाक मारली, “आई, जरा बाहेर ये.”

सरोजिनीबाई बाहेर आल्या. पदर खोचलेला, हातात चिकटपट्टी.

“तुम्ही वाचता?”

“रोज. सकाळी, चहाबरोबर.” अतुलनं जुळवलेलं भांडण बाहेर काढलं. “असं मधेच सोडून जाणं बरोबर नाही, मॅडम. माणूस सकाळी उघडून बघतो, आणि चार ओळी! कूलर न्या म्हणे.”

“रोज?” त्यांनी पुन्हा विचारलं. “मग कधी काही लिहिलं का नाहीत? खाली जागा असते की.”

अतुल गडबडला. एक-दोनदा त्यानं लिहिलं होतं आणि पुसलं होतं. नुसतं ‘छान’ लिहिणं त्याला बरं वाटलं नव्हतं. “जमलं नाही,” तो म्हणाला.

बाई एका खोक्यावर बसल्या.

“कितीजण येऊन गेले, त्याचा आकडा मला दिसतो,” त्या म्हणाल्या. “इतर येत-जात असायचे. पण एक भेट रोज सकाळी ठरलेली. मी मंदारला दाखवलं. तो म्हणाला, आई, ती माणसं नसतात. यंत्रं असतात, पानं चाळत फिरतात.”

मंदार खाली बघत होता.

“मी म्हटलं, असू दे यंत्र. रोज येतं ना? इथं नळ आठवड्यानं यायला लागला. हा सारखा म्हणायचा, घर विक, चल. तुझं तिथं कोण आहे? मी नाहीच म्हणत होते. मग एप्रिलमध्ये ते यंत्रही येईनासं झालं. आठवडा गेला. तेव्हा मी याला हो म्हटलं. ते परत यायला लागलं, तोवर व्यवहार ठरला होता.”

“घर विकलं?”

“सह्या झाल्या.”

एप्रिलमध्ये अतुलच्या सोसायटीची बोअर आटली होती. उजाडायच्या आत तो टँकर भरतात तिथं जाऊन रांगेत उभा राहायचा. आठवड्यानं घरी टेकला तेव्हा बाईंचं राहिलेलं सगळं त्यानं एका बैठकीत वाचून काढलं होतं.

“आमचं पाणी गेलं होतं, मॅडम,” तो हळूच म्हणाला. “सकाळी टँकरमागं पळत होतो. वाचायला बसलोच नाही.”

ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. मंदार जागचा हलला नाही.

“मग तेवढंच लिहायचं होतंत,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “मी तरी दुसरं काय लिहीत होते?”